पाहून खा, वाचून खा

वऱ्हाडातला माणूस राबतो शेतात, पण त्याची पुष्कळ कामे असतात शहरात. कापूस, तूर, सोयाबीन विकायचे म्हणजे अमरावती किंवा अकोल्याच्या बाजारात जावे लागते. बँक आहे, कचेरी आहे, कोर्टाची तारीख आहे. घरात कुणी जास्त आजारी झाले तर अमरावतीचे इर्विन नाही तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे लागते. तासाभराचे काम म्हणून निघतो आणि दिवस तिथेच मावळतो.

घरून निघताना शिदोरी बांधून घ्यावी, हे सर्वांत चांगले. भाकर, ठेचा आणि कांदा. याच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे खाणे शहरात मिळत नाही. पण सकाळची शिदोरी दुपारी संपते. मग काय करावे?

पुष्कळ माणसे उपाशी राहतात. हॉटेलासमोरून दोनदा जातात, पण आत पाऊल टाकत नाहीत. भाव विचारायची लाज वाटते. पाटीवरचे वाचता येत नाही. खाऊन झाल्यावर पैसे कमी पडले तर चारचौघांत फजिती होईल, ही धास्ती असते. रोग्याजवळ बसलेली माय दिवसभर नुसत्या चहावर काढते. तिसऱ्या दिवशी तिलाच भोवळ येते. मग एका रोग्याचे दोन रोगी होतात.

मंडळी, आता तुम्हांला अक्षरे येतात. आकडे येतात. तेव्हा शहरात उपाशी राहण्याचे कारण उरले नाही. मात्र कुठे खावे, काय खावे आणि काय पाहावे, हे ठाऊक पाहिजे. तेच आपण या धड्यात शिकू.

कुठे काय मिळते

रस्त्यावर खाण्याच्या तीन जागा दिसतात. पहिली हातगाडी किंवा ठेला. तिथे उभ्याने खायचे. दुसरी कँटीन. तिथे बाकडे असते, चहा आणि नाश्ता मिळतो. तिसरी खानावळ किंवा भोजनालय. तिथे बसून जेवण मिळते.

सकाळी ठेल्यावर पोहे असतात. आपल्याकडे पोह्यांवर तर्री घालतात. तर्री म्हणजे हरभऱ्याचा तिखट, लाल रस्सा. पोहे हलके असतात, गरम मिळतात आणि दोन-तीन तास निघतात. तिखट सोसत नसेल तर "तर्री कमी" म्हणून आधीच सांगावे.

मग आलूबोंडा, समोसा, कचोरी आणि मिरची भजे. अकोल्याहून रेल्वेने पश्चिमेकडे निघालो की शेगावला कचोरी घेतल्याशिवाय पुष्कळांचा प्रवास पुरा होत नाही. हे खाणे चवीचे आहे, पण तळलेले आहे. उपाशीपोटी चार भजी खाल्ली तर जळजळ होते. भूक मोडते, पण जेवण होत नाही.

अमरावतीचा गिला वडा नावाजलेला आहे. गिला म्हणजे ओला. डाळीचा वडा भिजवून मऊ करतात, वर दही आणि चटणी घालतात. दही ताजे असेल तर खावा. उन्हात आंबून गेले असेल तर राहू द्यावा.

खरी भूक लागली असेल तर खानावळीत जावे. राईस प्लेट घ्यावी. तीत साधारणपणे पोळ्या, भाजी, वरण आणि भात असतो. दिवसभर दोन-दोनदा नाश्ता करण्यापेक्षा एकदा नीट जेवलेले बरे. पुष्कळदा ते पैशानेही परवडते.

गरिबाला स्वस्त जेवण मिळावे म्हणून सरकारनेही प्रयत्न केले आहेत. १९९५ साली १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली होती. पुढे २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. तिची किंमत १० रुपये ठेवली होती. तीत २ पोळ्या, १ वाटी भाजी, १ वाटी वरण आणि १ मूद भात, असे ठरवून दिले होते. अशा योजना निघतात, बदलतात, बंदही पडतात. म्हणून शहरात गेलात की दवाखान्याजवळ, बसस्थानकाजवळ आणि बाजार समितीत पाट्या वाचा. स्वस्त जेवणाची सोय चालू आहे काय, हे विचारा.

आधी भाव वाचा

खाण्याआधी भाव वाचावा. खाल्ल्यावर वाचून उपयोग नाही. समजा, एका कँटीनवर अशी पाटी आहे :

चहा : १० रुपये
पोहे, तर्रीसह : २० रुपये
आलूबोंडा, १ नग : १५ रुपये
मिरची भजे, १ प्लेट : २५ रुपये
राईस प्लेट, मर्यादित : ८० रुपये

एक माय आणि तिचा मुलगा तिथे आले. मायने नुकतीच अक्षरे शिकली आहेत. ती चष्मा सावरून बोट लावत वाचते, "पो... हे... वीस." मग विचारते, "काय गा भाऊ, तर्रीचे पैसे येगळे घेता काय?"

कँटीनवाला म्हणतो, "नाही व माय, तर्री त्याच्यातच आहे. बोर्डावर लिहिलं आहे नं."

दोघांनी दोन प्लेट पोहे घेतले, एक आलूबोंडा अर्धा-अर्धा खाल्ला आणि दोन चहा प्यायले. हिशेब करा. पोह्यांचे ४०, बोंड्याचे १५, चहाचे २०. एकूण ७५ रुपये. शंभराची नोट दिली तर २५ रुपये परत यायला पाहिजेत. मायने ते मोजून घेतले आणि पदरात बांधले. यात लाज कसली? घामाचा पैसा आहे.

पाटीवरचे तीन शब्द समजून घ्या. "नग" म्हणजे एक वस्तू. "प्लेट" म्हणजे एका बशीत मावेल तेवढे. किती भजी येतात ते विचारावे. "मर्यादित" म्हणजे ठरलेले तेवढेच. पोळी जास्त मागितली तर तिचे पैसे वेगळे पडतात. "अमर्यादित" म्हणजे पोटभर. पण त्यातही ताटात टाकून उठू नये.

पाण्याची बाटली घेतली तर तिच्यावर किंमत छापलेली असते. ठेल्यावरून किंवा दुकानातून सीलबंद बाटली घेताना छापील किमतीपेक्षा जास्त मागणे कायद्याला धरून नाही. बाटली दाखवून शांतपणे म्हणावे, "भाऊ, इथे इतकेच लिहिले आहे." एवढ्याने बहुधा काम होते. नाही झाले तर १९१५ हा ग्राहकांसाठी असलेला मदतीचा फोन नंबर आहे. तो लिहून ठेवा.

आणखी एक पाटी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसते : "आज रोख, उद्या उधार." ती वाचून उद्या उधार मागायला जाऊ नका. उद्याही तीच पाटी असते!

मग डोळ्यांनी पाहा

आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. ते गावात आले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत, आणि मग भाकर खात. आधी स्वच्छता आणि मग घास, हा त्यांचा धडा. ठेल्यावर उभे राहिल्यावर तोच आठवावा. पाच गोष्टी पाहाव्यात.

एक, पाणी. रस्त्यावर खाऊन माणूस आजारी पडतो, तो बहुतेक वेळा घाण पाण्याने आणि घाण हातांनी. हगवण, विषमज्वर आणि कावीळ हे रोग असेच पसरतात. गरोदर बाईला तर दूषित पाण्याची कावीळ फार धोक्याची असते. पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय? ते ओगराळ्याने काढतात की पेला हातासकट आत बुडवतात? प्लेटा वाहत्या पाण्याने धुतात, की एकाच बादलीत दिवसभर बुचकळतात? पाण्याचा भरवसा नसेल तर घरची बाटली काढावी किंवा उकळता चहा घ्यावा.

दोन, आच. समोर शिजलेले आणि वाफ निघणारे अन्न बरे. उकळीत रोगाचे जंतू मरतात. सकाळी करून दुपारपर्यंत कोमट ठेवलेल्या अन्नात तेच जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न गरम न ठेवता दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर ते टाळावे. आपल्या उन्हाळ्यात तर पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा अन्न त्याहून लवकर बिघडते. चिरून उघडे ठेवलेले फळ आणि सकाळची ओली चटणी, ही दोन्ही वर्ज्य समजावी.

तीन, तेल. कढईतले तेल काळे पडले आहे, घट्ट झाले आहे, त्याला फेस आणि धूर येतो आहे, असे दिसले तर पुढच्या ठेल्यावर जावे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते शरीराला अपायकारक होते. २०१८ पासून अशा तेलाच्या वापरावर कायद्याने मर्यादा घातली आहे.

चार, बर्फ. उन्हाळ्यात रसवंतीवर थांबावेसे वाटते. उसाचा रस गोड, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण जाणे! माल थंड ठेवण्याचा बर्फ वेगळा आणि खाण्याचा वेगळा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम आहे. "बिना बर्फाचा द्या" म्हटले की प्रश्न मिटतो.

पाच, कागद. पुष्कळ ठिकाणी भजी आणि बोंडे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर देतात. गरम तेलाने छापण्याची शाई सुटते आणि अन्नाला लागते. ती पोटात जाणे वाईट. अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. प्लेट मागावी, पानाचा द्रोण मागावा. तोही नसला तर आपल्या डब्याचे झाकण पुढे करावे. वर्तमानपत्र वाचायचे असते, त्यावर भजी खायची नसतात. आता तर ते तुम्हांला वाचताही येते.

आणखी एक वाचण्याची गोष्ट आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, मग तो लहान का असेना, सरकारदरबारी नोंद केलेली असली पाहिजे. त्याच्या दाखल्यावर १४ आकडी नंबर असतो. दुकानात तो लावलेला दिसला तर आकडे मोजून पाहा. दाखला असला म्हणजे अन्न स्वच्छच असेल, असे मात्र समजू नका. आपले डोळे उघडे पाहिजेतच.

एवढे करूनही पोट बिघडले तर काय करावे? एक लिटर उकळून थंड केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. हे पाणी थोडे थोडे पाजत राहावे. ते रोज ताजे करावे. शौचातून रक्त पडले, ताप चढला, लघवी थांबली किंवा मूल मलूल झाले, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे.

बाकडे सर्वांचे

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. एके काळी आपल्या भागात काही हॉटेलांत दलित माणसाला आत बसू देत नसत. त्याची कपबशी वेगळी ठेवीत. ती त्यानेच विसळून बाहेर ठेवायची. पैसा तोच, चहा तोच, आणि माणसाला मात्र बाहेर उभे करायचे!

२६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात म्हटले आहे की दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. जातीवरून हॉटेलात येऊ न देणे हा गुन्हा आहे. त्याला शिक्षा आहे. आपल्या गावातल्या कँटीनवर आजही कुणासाठी वेगळा कप ठेवलेला दिसला, तर गप्प राहू नका. सर्वांनी मिळून तो बंद करवा.

बायामाणसांनीही संकोच धरू नये. बाई एकटी असली तरी तिने बाकड्यावर बसावे, भाव वाचावा आणि पोटभर खावे. तिलाही तोच हक्क आहे.

विकणाऱ्याचेही पाहिले पाहिजे. ठेलेवाला पहाटे उठून कांदे चिरतो, दिवसभर भट्टीपुढे उभा राहतो. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी कायदा झाला आणि त्यांच्या पोटापाण्याला संरक्षण मिळाले. म्हणून भाव विचारावा, पण अरेतुरे करू नये. पाणी झाकायला सांगावे, पण गोडीने सांगावे. चार गिऱ्हाइकांनी सांगितले की तो आपोआप झाकू लागतो.

पण तिथे कपबशा विसळायला लहान पोर दिसले तर? आपण त्याला "ए छोटू" म्हणून हाक मारतो आणि चहा पितो. ते बरोबर नाही. १४ वर्षांच्या आतल्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. त्याची जागा शाळेत आहे. १०९८ या नंबरावर फोन करून कळवता येते.

तर मंडळी, शहरात गेलात की उपाशी राहू नका आणि डोळे मिटूनही खाऊ नका. पाटी वाचा. पाणी पाहा. हिशेब करा. आणि मग बाकड्यावर ऐसपैस बसून जेवा.

लक्षात ठेवा

१. शिदोरी सर्वांत बरी. ती संपली तर उपाशी राहू नये.
२. आधी भाव, मग घास.
३. गरम खावे, झाकलेले घ्यावे.
४. वर्तमानपत्रावर खाऊ नये.
५. बाकड्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे.

प्रश्न

१. "मर्यादित" आणि "अमर्यादित" यांत फरक काय?
२. वरच्या पाटीवरून हिशेब करा : दोन राईस प्लेट आणि एक चहा घेतला. २०० रुपये दिले. परत किती मिळतील?
३. मीठ-साखरेचे पाणी कसे करतात? माप लिहा.
४. तुमच्या गावातल्या कँटीनची पाटी पाहून लिहून आणा. पाटी नसेल तर कँटीनवाल्याला ती लिहून द्या.