अपिलाचे ६० दिवस आणि खर्चाचा हिशेब



कुणाचा मुलगा कल्याणला दुकान चालवतो, कुणाच्या पुतण्याचा डोंबिवली एमआयडीसीत गाळा आहे. सुट्टीत ही मुले गावी आली की आम्हाला हमखास विचारतात, "माल दिला, पैसे अडकले. कोर्टात गेलो तर खर्च तरी परत मिळेल का?"

समजा, डोंबिवलीच्या गाळ्यातून ठाण्याच्या कारखानदाराला सुटे भाग दिले आणि ८ लाखांचे बिल थकले. ३ लाख व त्यावरचे असे व्यापारी वाद २०१८ पासून व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात मोडतात. (२०१५ साली कायदा आला तेव्हा मर्यादा १ कोटीची होती, म्हणजे आपल्या पोरांच्या कामाचा नव्हताच.) तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीकडे जावेच लागते. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हे सक्तीचे ठरवले. या रकमेला मध्यस्थीची फी १५,००० रुपये, दोघांत निम्मी-निम्मी.

आता खर्चाचे. "जिंकलो की वकीलफीसकट सगळे वसूल" अशी पुष्कळांची समजूत असते. दिल्लीच्या एका जागेच्या वादात उच्च न्यायालयाने अपिलात खरोखरच सुमारे ४५ लाख रुपये खर्च देवविला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला. नियमात बसेल तेवढाच खर्च मिळेल, प्रत्यक्ष झालेला सगळा नाही, असे सांगितले. व्यापारी वादांपुरते हे चित्र २०१५ च्या कायद्याने पालटले. हरणाऱ्याने खर्च द्यावा हा तिथे सर्वसाधारण नियम, आणि त्यात वाजवी वकीलफीही धरतात. पण कोर्ट वागणूकही पाहते. समोरच्याने तडजोडीचा रास्त प्रस्ताव दिला आणि तुम्ही हट्टाने नाकारला, तर जिंकूनही खर्चावर पाणी सोडावे लागू शकते. म्हणून तडजोडीचे बोलणे लेखी ठेवा. चहाच्या टपरीवर झालेले बोलणे कोर्टात कोण सांगणार?

खरी गफलत होते ती अपिलाच्या मुदतीत. या कायद्यात अपील ६० दिवसांत करायचे. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, पण नकलेचा अर्जच आपण महिनाभराने केला तर तो महिना आपल्याच खात्यावर! आपल्या राज्याच्या जलसंपदा विभागाला हे महागात पडले. बोर्से ब्रदर्स या ठेकेदाराविरुद्ध लवादाच्या प्रकरणात विभागाचे अपील ६० दिवसांनंतर आणखी १३१ दिवस उशिरा आले. उच्च न्यायालयाने ते घेतले नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उशीर माफ केला नाही. थोडाच उशीर, तोही सबळ कारणाने, अपवाद म्हणून माफ होईल. सरकारी फाइल फिरत होती हे कारण पुरेसे नाही, असे बजावले. सरकारला जे चालले नाही ते गाळेवाल्याला काय चालणार? तेव्हा मुलांना सांगा, निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका आणि कॅलेंडरवर खूण करा.

सभासद आणि कारखाना यांच्यात कारभारावरून होणारे बहुतेक वाद मात्र या वाटेने जात नाहीत. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली ते सहकार न्यायालयात जातात आणि त्यावरचे अपील दोन महिन्यांत राज्य सहकारी अपील न्यायालयात करावे लागते.