कालव्यावरचा बगळा

श्रीरामसागर धरणाचा सरस्वती कालवा आपल्या निर्मल भागातल्या शेतांना पाणी देतो. त्यावर मंडळातर्फे सामूहिक कलाकृती करायची ठरली, तेव्हा मीच म्हणालो, "भिंत रंगवू या!" मग खेळणी करणाऱ्या एका काकांकडे गेलो आणि भिंत डोक्यातून गेली.

निर्मलची खेळणी पोनिकीच्या मऊ, हलक्या लाकडाची. नक्काश चोच, मान, पाय वेगवेगळे कोरतात, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडतात, मग घासून रंगवतात. एका खेळण्यावर किती हात! आम्ही शोधत होतो ती सामूहिक कला इथं होतीच की. १९५५ पासून कारागिरांची सहकारी संस्थाही आहे.

अडचण लाकडाची. कालव्यावर भात पिकतो, पोनिकी मात्र कोरड्या, खडकाळ उतारावर वाढते, आणि रानात आता फार उरलेली नाही. म्हणून रोपं लावायची तर कालव्याकाठी नकोत, टेकडीवर हवीत. तोवर उरलेल्या तुकड्यांतून बगळा, खंड्या, म्हैस करू, प्रत्येकाने एक भाग.

काका म्हणाले होते, "मान वेगळी कोरा रे, सलग कोराल तर मोडेल." आम्ही सलग कोरली. मोडली. आता खळ शिजवतोय.