प्रत्येक पान्याला त्याची जागा: बंदीच्या दिवसांत हत्यारांच्या पेटीसाठी फोमचा साचा



१ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी शिवून होतात, इंजिन उघडून होतं, बोटीला रंगही लागतो. पण हत्यारांची पेटी मात्र तशीच राहते. झाकण उघडलं की पाने, पक्कड, जुने बोल्ट, गंजलेली ब्लेडं, सगळा काला. आज त्याच पेटीचं बोलूया.

मागच्या हंगामात आमच्यातल्याच एका बोटीवर पहाटेच्या अंधारात इंजिनाने हवा धरली. काम तसं दहा मिनिटांचं. डिझेल फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा. पण १२ नंबरचा पाना सापडेना. एकाने टॉर्च धरला, दुसऱ्याने पेटी पालथी केली, आणि बोट वाऱ्याबरोबर खडकाकडे सरकत होती. शेवटी नांगर टाकला, तो धरला म्हणून निभावलं. पाना नंतर इंजिनाखालच्या पाण्यात मिळाला. चार दिवसांपूर्वी कोणाच्या तरी हातून पडला होता आणि तो गेलाय हे कोणालाच कळलं नव्हतं.

खरी अडचण हीच. हत्यार हरवतं ते एकदा, पण कळतं गरज पडल्यावर. विमानांच्या दुरुस्तीत यासाठी साधी पद्धत वापरतात: प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा. खाचा रिकामा दिसला की हत्यार बाहेर राहिलंय. तेच आपण आपल्या पेटीत करायचं.

फोम कुठला घ्यायचा

सोफ्याचा स्पंज अजिबात नको. तो पाणी पितो, खारं पाणी धरून ठेवतो आणि पाने आठवड्यात लाल होतात. थर्माकोलही नको. त्याचा भुगा होतो आणि तो भुगा पाणी उपसायच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. आपल्याला पाणी न पिणारा फोम हवा, म्हणजे ईव्हीए किंवा पीई. चपलेच्या तळव्यांचं सामान विकणाऱ्याकडे ईव्हीएच्या शीट मिळतात. मुलांच्या खेळायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चटयाही बहुतेक ईव्हीएच्याच असतात.

एक गोष्ट बजावून सांगतो: लाईफ जॅकेटमधला फोम कापू नका. "जुनं आहे, चालेल" म्हणून आज कापाल आणि उद्या एक माणूस जॅकेटाविना राहील.

दोन रंग घ्या. खाली पिवळा किंवा लाल, वर काळा. पाना उचलला की खालचा रंग चमकतो. टॉर्चच्या उजेडातही लगेच कळतं.

काम कसं करायचं

१) आधी हत्यारं निवडा. सगळी बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. मग विचारा, समुद्रात हे खरंच लागतं का? पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, गोटी सेट, पाईप पाना. आऊटबोर्डवाल्यांनी प्लगचा पाना, जादा प्लग आणि ओढायची दोरी. बाकी घरी ठेवा.

२) माप पेटीच्या तळाचं घ्या. प्लास्टिकच्या पेट्या खाली निमुळत्या असतात. आमची पेटी तोंडाशी १८ इंच, तळाशी १६ च भरली. पहिली शीट त्यामुळे वाया गेली. आधी पुठ्ठा कापून बसवून बघा, मगच फोमला हात लावा.

३) कागदावर मांडणी करा. दोन थर करा: जड हत्यारं खालच्या थरात, रोजचे पाने वरच्या. दोन खाच्यांमध्ये निदान १५ मिलिमीटर फोम राहू द्या, नाहीतर मधली भिंत फाटते. हे काम घरात शिवणकाम करणाऱ्यांना द्या. आमच्याकडे वहिनींनी ब्लाऊजचा कागद कापावा तसा अर्ध्या तासात नमुना काढून दिला. आम्ही दुपारभर नुसते पाने सरकवत बसलो होतो.

४) आखणी करताना पेन्सिल सरळ उभी धरा. रेषेच्या एक मिलिमीटर आतून कापा, म्हणजे फोम हत्याराला आवळून धरतो.

५) कटरला नवीन पातं लावा. एका दमात कापू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून फिरवा. पातं तिरकं झालं की खाचाही तिरका होतो. गोट्यांसाठी पाईपच्या तुकड्याची कड धारदार करा आणि फिरवत दाबा, गोल भोक मिळतं. तापवलेल्या सळईने भोकं पाडू नका. धूर वाईट असतो आणि फोम पेटतो.

६) बोटाची जागा ठेवा. प्रत्येक खाच्याच्या मधोमध दोन्ही बाजूंना अर्धगोल काप द्या. पहिल्या वेळी आम्ही हे विसरलो. पाना असा घट्ट बसला की ओल्या हाताने निघेना!

७) पाने १२ मिलिमीटरच्या एका शीटमध्ये बसतात. हातोडी, पाईप पाना यांना दोन शीट एकावर एक लावा. चिकटवायला चपलेचा गम. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. दारं-खिडक्या उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी नको.

८) प्रत्येक थराला दोन बाजूंनी नायलॉनची पट्टी लावा, म्हणजे थर सहज उचलता येतो. खाच्यांच्या तळाला बारीक भोकं पाडा, पाणी साचत नाही.

तपासणी

झाकण लावून पेटी उलटी करा, हलवा, उघडा. सगळं जागेवर असेल तर साचा पास. मग डोळे मिटून १२ नंबरचा पाना काढा. तोही जमला तर समुद्रात जमेल.

खाच्याजवळ पक्क्या मार्करने नंबर लिहा. पण खरी गंमत अशी की नंबर वाचावा लागतच नाही. आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले खलाशी असतात. मराठी वाचता येत नसलं तरी खाच्याचा आकार सगळ्यांना वाचता येतो. कालच आलेला पोरगाही हत्यार बरोबर जागी ठेवतो.

सांभाळायचं कसं

तेल-डिझेलने माखलेलं हत्यार पुसूनच ठेवा. तेलाने ईव्हीए हळूहळू फुगतो आणि खाचा बिघडतो. आठवड्यातून एकदा थर बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. पेटी होकायंत्राजवळ ठेवू नका. एवढं लोखंड शेजारी असलं की काटा फिरतो, म्हणून निदान एक मीटर लांब.

आणि एक नियम तांडेलांनी लावून घ्यावा: दुरुस्ती झाली की इंजिन सुरू करण्याआधी पेटी उघडून बघायची. एकही खाचा रिकामा असेल तर आधी पाना शोधायचा. तो इंजिनाच्या पट्ट्याजवळ पडलेला असू शकतो. जेट्टीवर परत आल्यावरही तेच.

त्या पहाटे आमच्या पेटीत एक पिवळा खाचा रिकामा दिसला असता, तर चार दिवस आधीच बंदरात पाना शोधला असता. नांगर धरला हे आमचं नशीब. दरवेळी धरेलच असं नाही.

बंदी संपायच्या आत एक दुपार काढा. घरातल्या मुलांनाही बसवा, पाने कुठले नि कशाला हे त्यांनाही कळेल. अडलं तर पेटी घेऊन या, मिळून कापू.