लुगड्यांच्या गोधडीला नक्षी कोणती?

प्रश्न : आईच्या सुती लुगड्यांचे चांगले भाग कापून मी चौकोन जोडले आणि मधून इरकली काठाच्या पट्ट्या घातल्या. वरचा थर तयार आहे, ८० बाय १०० इंच. पण गुडघ्यांमुळे खाली बसून गोधडी शिवणं आता होत नाही. मुलगी टेक्सासला असते. तिच्या ओळखीच्या एक बाई ‘लाँगआर्म’ मशीनवर अशी कामं करून देतात. त्यांनी नक्ष्यांची लांबलचक यादी पाठवली आहे : पिसं, वेली, भोवरे, हृदयं, काय वाट्टेल ते. शिवाय ‘एज टू एज’ हवं की ‘कस्टम’, असंही विचारलंय. मला आपला धावदोरा माहीत. आपल्या गोधडीसारखे टाके त्या मशीनवर मिळतील का? नाहीतर मी निवडू काय?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, मिळतील, पण जसेच्या तसे नाहीत. कारण मशीनच्या रचनेतच आहे.

घरच्या शिलाई मशीनवर सुई जागच्या जागी असते आणि कापड आपण सरकवतो. लाँगआर्मवर हे उलटं चालतं. दहा-बारा फुटी चौकटीवर गोधडीचे तिन्ही थर रुळांवर ताणून बसवतात आणि मशीनचं डोकंच पट्ट्यांवरून मागेपुढे, आडवंतिडवं फिरतं. सुईपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतची जागा मशीनगणिक १८ ते ३० इंच, आणि गुंडाळलेलं कापडही त्यातच मावायचं असतं. म्हणजे एका वेळी समोर असतो तो गोधडीचा एक आडवा पट्टा. तो भरला की गुंडाळायचा आणि पुढचा उलगडायचा.

आपल्याकडे काय होतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. गोधडी जमिनीवर अख्खी पसरलेली, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवलेलं, चार बाजूंना चौघी. आधी कड दुमडून पक्की करायची. मग दोरा कडेकडेने फिरत आत सरकतो, चौकोनात चौकोन बसत जातात आणि शेवटी टाके मध्यावर भेटतात. मशीनला मात्र अख्खी गोधडी एका वेळी कधी मिळतच नाही. बाहेरच्या चौकोनाची १०० इंची उभी ओळ तिला चार-पाच तुकड्यांत करावी लागेल, प्रत्येक वेळी दोरा तोडून, गाठ मारून आणि आधीच्या टोकाशी नेमकं जुळवून. तेही एका ओळीसाठी नाही, अशा वीस-पंचवीस ओळींसाठी. चांगली कारागीर ते करेलही, पण बिल पाहून तुमचा जीव दडपेल आणि जोड दिसायचे ते दिसतीलच. तो हट्ट सोडा.

त्याऐवजी कड-ते-मध्य ही चाल अख्ख्या गोधडीला न लावता चौकोनागणिक लावायला सांगा. तुमचे चौकोन सोळा-सतरा इंचांपर्यंतचे असतील, तर एक चौकोन बहुतेक मशीनवर एका पट्ट्यात पुरा मावतो. त्याच्या कडेपासून दोन-दोन बोटं अंतर ठेवत आत जाणारे टाके, दोरा न तोडता. चौकोन लहान असतील तर चार-चारचा एक गट धरायचा. इरकली पट्ट्यांवर काही नको, फक्त त्यांच्या दोन्ही कडांना लागून एकेक सरळ शिवण. अशी प्रत्येक भागाचा वेगळा विचार करून केलेली नक्षी म्हणजे ‘कस्टम’. ‘एज टू एज’मध्ये एकच नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, खाली चौकोन आहे की पट्टी हे न बघता.

पिसं आणि वेली यादीत सुंदर दिसतात, कारण तिथे त्या कोऱ्या कापडावर छापलेल्या असतात. पिसाचा गोल उठून दिसायला खाली साधं, एकरंगी कापड लागतं. तुमच्या वरच्या थरात आधीच चौकडी, रेघा, बुट्टे आणि काठ आहेत. त्यावर वेल घातली तर पैसे वेलीचे जातील आणि दिसेल नुसता गोंधळ. वरचा थर बोलका असेल तर टाक्यांनी गप्प राहावं आणि वरचा थर साधा असेल तर टाक्यांना बोलू द्यावं, एवढं धरून चाललं तरी चुकत नाही. हृदयं तर कशावरच नकोत, पण ती माझी नावड म्हणून सोडून द्या.

दाटपणाकडे नक्षीपेक्षा जास्त लक्ष द्या. अनेक वर्षं नेसून, धुऊन मऊ झालेलं लुगडं ही या गोधडीची खरी दौलत आहे. त्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाके भरले की पुठ्ठा होतो. लाँगआर्मवर साधारणपणे इंचाला आठ ते बारा टाके पडतात, हातचा धावदोरा त्याहून बराच विरळ. प्रत्येक टाका म्हणजे जुन्या सुतात एक भोक आणि विरलेल्या भागात भोकांची रांग लागली की कापड तिथूनच फाटतं. म्हणून ओळींमध्ये दोन ते तीन बोटं अंतर असू द्या. टाका जितका लांब बसेल तितका बसवा, असंही बाईंना सांगा. मधल्या थरासाठी मिळणाऱ्या तयार भरणीच्या, म्हणजे ‘बॅटिंग’च्या, पाकिटावर टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं, काहींवर ४ इंच, काहींवर ८ ते १०. तुम्ही त्याच्या आतच राहाल. मधल्या थरासाठी पातळ सुती बॅटिंग घ्या. आपल्यासारखी आत आणखी चार-पाच लुगडी घालायचा मोह होईल, पण सुट्या थरांची संख्या वाढली की ते रुळांवर एकमेकांवरून सरकतात आणि खालच्या बाजूला चुण्या पडतात.

दोऱ्याचा रंग रीळ बघून ठरवू नका. रिळावर दोरा गर्द दिसतो, कापडावर एकेरी पडला की फिका. हातभर दोरा उलगडून चौकोनांवर सैल टाका, दोन पावलं मागे या आणि बघा. लाल, हिरव्या आणि निळ्या चौकोनांवरून एकच दोरा जाणार असेल, तर करडा किंवा मळकट बदामी सगळ्यांशी जमवून घेतो. पांढरा दोरा आपल्या गोधड्यांवर शोभतो तो टाका मोठा आणि दोरा जाड असतो म्हणून. मशीनचा बारीक पांढरा टाका गर्द लुगड्यावर पीठ सांडल्यासारखा दिसतो.

नक्षी पक्की करण्याआधी एक सोपी गोष्ट करा. वह्यांना घालतो तो पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद मोठा घ्या, त्याच्या कडांना रंगीत टेप लावा म्हणजे पेन चुकून कापडावर जाणार नाही, आणि तो वरच्या थरावर ठेवून मार्करने नक्षी काढून बघा. आवडली नाही तर कागद बदला. त्याचा फोटो मुलीला पाठवला की तिकडच्या बाईंशी निम्मं बोलणं तिथेच संपतं.

आता अस्तर. बाजारातून आणू नका, एक धड लुगडं त्यासाठीच राखा. हिशेब बघा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येकी १०८ इंच. पन्हा ४५ इंच धरला तर दोन तुकडे लांबीला लांबी जोडून ८९ बाय १०८ चं अस्तर होतं. लाँगआर्मला अस्तर आणि बॅटिंग दोन्ही चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतात, तेव्हा ८० बाय १०० ची तुमची गोधडी यात बसते आणि तिसरा तुकडा उरतो. पन्हा आधी मोजून घ्या, जुन्या लुगड्यांत तो कमीजास्त असतो. जोडताना मधले काठ कापून टाका, नाहीतर काठावर काठ येऊन जाड कणा होतो आणि सुई तिथे अडते. तेवढ्याने पन्हा कमी पडला तर तिसऱ्या तुकड्यातून पट्टी घाला. हे जोड रुळांना समांतर ठेवायला सांगा, म्हणजे गुंडाळताना एकाच जागी फुगवटा येत नाही.

पैशाचं मुलीशी मोकळेपणाने बोला. अमेरिकेत हे काम बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर आकारतात. तुमची गोधडी ८,००० चौरस इंचांची आहे, म्हणजे दरात एका सेंटचा फरक पडला की ८० डॉलर वाढले. ‘कस्टम’चा दर ‘एज टू एज’च्या कितीतरी पट असू शकतो. तेवढा खर्च नको असेल तर ‘एज टू एज’मध्ये ‘बॅप्टिस्ट फॅन’ मागा. एकात एक बसलेल्या कमानींची ही तिथली जुनी नक्षी हातशिलाईतून आलेली आहे. सरळ चौकोनांवर कमानी चांगल्या दिसतात आणि त्यात कुठे आव नाही.

तिकडच्या बाईंना आपल्याला काय हवंय ते समजावणं अवघड नाही. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीत कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांच्यात चौकोनात चौकोन जोडण्याचा एक प्रकार आहे, ‘हाउसटॉप’. ‘हाउसटॉपसारखं, पण तुकड्यांत नाही, टाक्यांत’ एवढं म्हटलं तरी कुठल्याही अमेरिकन गोधडीवालीच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील. शिवाय महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचं इंग्रजी पुस्तक आहे, मुलीला ते दाखवता येईल. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीचे फोटो पाठवा. त्याही कडेपासून आत शिवत येतात, आणि कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळांची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. तुमच्या उरलेल्या तुकड्यातून अशी चार फुलं कापून, गोधडी परत आली की हाताने लावायला काय हरकत आहे? तेवढं खुर्चीत बसून होतं.

प्रश्न : आजीची पैठणी घडीवर उसवली आहे, काठ आणि पदर मात्र शाबूत आहेत. त्यांची मशीनवर गोधडी करून मिळेल का?
— एक वाचक, येवला

उत्तर : करून मिळेल, पण करू नका. सुती कापडातली सुईची भोकं धुतल्यावर बरीचशी मिटतात, रेशमातली राहतात. पुन्हा उसवून दुसरी नक्षी घालू म्हणाल तर आधीची भोकं तशीच दिसणार. जुन्या जरीवरून वेगाने सुई गेली की जरीची तार तुटते आणि त्या टोकांत दोरा अडकून तुटतो. घडीवर उसवलेलं रेशीम रुळांवर ताणलं की आणखी उसवेल, हे वेगळंच.

पदराखाली मऊ मलमल ठेवा, दोन्ही थर कच्च्या टाक्याने धरून घ्या आणि मोराच्या किंवा वेलीच्या नक्षीच्या बाहेरून, जरीला सुई न लावता, बारीक रेशमी दोऱ्याने हाताने टाके घाला. नक्षी नव्याने शोधायची गरज नाही, विणकराने ती आधीच काढून ठेवली आहे. हे अंगावर घ्यायचं पांघरूण होणार नाही, भिंतीवर टांगायचा तुकडा होईल. ऊन थेट पडणार नाही अशी भिंत निवडा.

प्रश्न : आमच्याकडे थंडी कडाक्याची पडते. गोधडी जास्त ऊबदार व्हावी म्हणून टाके दाट घालावेत का?
— एक विद्यार्थिनी, निफाड

उत्तर : उलट होईल. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. टाके दाट पडले की थर चेपतात आणि हवेला जागा राहत नाही. जुन्या साड्यांची गोधडी असेल तर ओळींमध्ये चार बोटं अंतर ठेवलं तरी चालतं, फक्त थर वाढवा. तयार बॅटिंग वापरत असाल तर पाकिटावरचं अंतर पाळा.

पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतलेल्या रजईचं मात्र वेगळं. तो कापूस सुटा असतो. टाके लांब लांब पडले तर आतल्या आत सरकून एका कोपऱ्यात त्याचे गोळे होतात आणि मधे नुसतं कापड उरतं. तिथे टाके जवळ घ्यावेच लागतात, आणि आडवे-उभे दोन्ही. अशी रजई धुऊ नका. हिवाळा संपला की दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, काठीने झटका, आणि काही वर्षांनी कापूस दबला की उसवून पुन्हा पिंजून घ्या.