सदोमाचा पाठ आम्ही कसा शिकवतो?

शास्त्रपाठ : उत्पत्ति 19:1-11, यहेज्केल 16:48-50, प्रेषितांची कृत्ये 8:26-39



सुरतेच्या कतारगाम भागात आमची लहानशी मराठी प्रार्थनासभा भरते. बहुतेक कुटुंबे नवापूर व धुळ्याकडून पोटासाठी आलेली. कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात घंटीवर बसतो, कोणी एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर. काही वर्षांपूर्वी तेथील शब्बाथ शाळेत आम्ही सदोमाचा पाठ घेतला. आम्हांला जसा शिकवला गेला तसाच आम्ही शिकवला : पुरुषाने पुरुषाची ओढ धरणे हेच सदोमाचे पाप, आणि म्हणून आकाशातून अग्नी व गंधक. लहान मुलांचा वर्ग घेणारा एक तरुण त्या दिवशी मागे बसला होता. महिनाभराने तो एकटाच घरी आला व म्हणाला, "काका, तुम्ही ज्यांच्याविषयी सांगितलंत ना, त्यांतला मी आहे. पण मी कोणाचं वाईट केलेलं नाही."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसताना गप्प बसावे, तेही आम्हांला सुचले नाही. आम्ही ही गोष्ट मंडळीतील एका पंचांच्या कानावर घातली. मग जे व्हायचे ते झाले. भूतबाधा म्हणून तीन दिवस उपास-प्रार्थना झाली, वर्ग काढून घेण्यात आला, घरच्यांनी घाईने मुलगी पाहण्यास सुरुवात केली. तो तरुण कतारगाम सोडून गेला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट आम्ही फोडली, हा आमचा अपराध आहे, आणि तो कबूल केल्यावाचून पुढचा अभ्यास मांडण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आता शास्त्राकडे वळू. सदोमाच्या लोकांनी लोटाच्या घराला वेढा घातला, तो परक्या पाहुण्यांवर बळजबरी करून त्यांची विटंबना करण्यासाठी. शास्ते 19 मध्ये गिबा येथे अगदी तसाच प्रकार घडतो. तेथे एक स्त्री बळी पडते व रात्रभराच्या अत्याचाराने मरते. त्या अध्यायावरून स्त्रीपुरुषांचे प्रेमच पाप आहे असे आजवर कोणी शिकवले नाही! दोन्हीकडे दोष आहे तो बलात्काराचा आणि दारी आलेल्या पाहुण्याशी केलेल्या क्रौर्याचा. यहेज्केल तर सदोमाच्या पापांची यादीच देतो : गर्व, भरपूर अन्न, निश्चिंत सुख, आणि इतके असूनही दीनदुबळ्यांना हात न देणे. पुढे तो अमंगळ कृत्यांचाही उल्लेख करतो हे खरे, पण आरंभ कोठून करतो ते पाहावे. आपला प्रभूही मत्तय 10 मध्ये सदोमाचे नाव घेतो, ते शिष्यांना घरात न घेणाऱ्या गावांविषयी बोलताना. म्हणजे दार बंद करणाऱ्यांना सदोमाची आठवण दिली आहे. आम्ही मात्र दार बंद करण्यासाठीच तो अध्याय वापरला.

कोणी म्हणेल, लेवीय 18:22 चे काय? रोमकरांस पहिल्या अध्यायाचे काय? ही वचने आहेत व ती कठीण आहेत. ती नाहीत असे आम्ही भासवणार नाही. पण रोमकरांसच्या पहिल्या अध्यायाने श्रोता खूश होऊन मान डोलवतो न डोलवतो, तोच दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल त्याच्याकडे बोट वळवतो. 1 करिंथ 6:9 मधील दोन ग्रीक शब्दांवर विद्वानांचा वाद आहे. एकाचा मूळ अर्थ नुसता 'मऊ' असा आहे. दुसरा 'पुरुष' व 'बिछाना' हे शब्द जोडून झाला आहे. इंग्रजी बायबलात 'होमोसेक्शुअल' हा शब्द प्रथम आला तो 1946 साली. तो शब्दच मुळी 1869 सालच्या जर्मन पत्रकांतला.

आमच्या मंडळ्यांना ज्यांनी सुवार्ता दिली, त्या मातृमंडळ्यांचेही या बाबतीत एकमत नाही. गुजरातेत 1841 पासून काम केलेल्या आयरिश प्रेस्बिटेरियन मंडळीने 2018 साली समलिंगी जोडप्यांना पूर्ण सभासदत्व नाकारले. जॉन विल्सनसारखे मिशनरी देणाऱ्या स्कॉटलंडच्या मंडळीने 2022 मध्ये पाळकांना अशी लग्ने लावण्याची मुभा दिली. आणि अमेरिकन मराठी मिशनच्या वारसदार मंडळीने 1972 सालीच विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या गृहस्थाला पाळकपदाची दीक्षा दिली होती. तेव्हा लग्नाच्या प्रश्नावर आपसांत मतभेद राहतील. आमचाही अभ्यास चालू आहे.

परंतु काही गोष्टींत मतभेदाला जागा नाही. हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. 'बदलून दाखवतो' असे सांगून उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवले. डॉक्टरला जे वर्ज्य, ते आम्ही उपासाच्या नावाने का करावे? हा गुन्हाही नव्हे. 1860 च्या दंडसंहितेतील 377 कलमातून सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. त्याआधी 2013 मध्ये न्यायालयाने ते कलम कायम ठेवले, त्या खटल्यात ते राहावे म्हणून न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संस्थाही होत्या, हे वाचताना आम्हांला लाज वाटते. त्याच वर्षी मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी मात्र, समलिंगी विवाह आपल्या मंडळीला मान्य नसला तरी ही माणसे गुन्हेगार नव्हेत, असे स्पष्ट सांगितले होते.

आणि लग्न लावून देणे हा उपाय नव्हे. आमच्या शेजारच्या राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांचे 1991 मध्ये लग्न झाले व लवकरच मोडले. आपल्यामुळे त्या मुलीच्याही वाट्याला दुःख आले असे ते पुढे सांगत आले. 2006 साली त्यांनी आपली ओळख जाहीर केली तेव्हा गावात त्यांचे पुतळे जाळले गेले. नवापूरकडची जी मुलगी आम्ही त्या तरुणासाठी पाहत होतो, तिचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. सदोमाचा पाठ येईल तेव्हा तो यहेज्केलबरोबर वाचावा आणि मुलांना विचारावे : आपल्या चाळीत नवीन आलेल्या कुटुंबाशी कोण बोलले? त्यानंतरच्या आठवड्यात कूशी षंढाचा पाठ घ्यावा. अनुवाद 23:1 प्रमाणे त्याला मंडळीत प्रवेश नव्हता. यशया 56 मध्ये त्याच्यासारख्यांना अभिवचन मिळाले. आणि बाप्तिस्म्याला काही हरकत आहे काय असे त्याने विचारले तेव्हा फिलिप्पाने पंचांची सभा बोलावली नाही, तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. मोठ्या वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी एकांतात काही सांगेल, तर ऐकून घ्यावे, आणि त्याच्या परवानगीवाचून ते पाळकांना, पंचांना वा आईबापांनाही सांगू नये. त्याच्या जिवाला धोका दिसत असेल तर मात्र त्याला एकटे सोडू नये.

त्या तरुणाला आम्ही पत्र लिहून क्षमा मागितली आहे. उत्तर आलेले नाही. त्याचा वर्ग सध्या आम्हीच घेतो.