डिफरन्शियल निवडताना: आधी चाक, मग हॉर्सपॉवर

मेसमधून आल्यावर होस्टेलच्या कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की तो टर्बो आणि हॉर्सपॉवरवरच संपतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध बसलेल्या त्या गोल डब्याचं नाव कुणी घेत नाही! पण इंजिनाने कितीही टॉर्क काढला तरी तो दोन चाकांत वाटायचं काम शेवटी त्या डब्याचं. रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवायची, जास्त पॉवरची रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल तर कोणता डिफरन्शियल लावावा, याचा हा छोटा अभ्यास.

आधी बेसिक

अंबडच्या गरवारे पॉइंटवर वळणारा ट्रक बघा. बाहेरचं चाक मोठ्या वर्तुळावर फिरतं, आतलं लहान. दोन्ही एकाच शाफ्टला घट्ट बांधली तर एक चाक घासटत जाणारच. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं ते यासाठीच.

साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतो. ऐकायला छान, पण अडचण इथेच आहे. कमी ग्रिपचं चाक जेवढा टॉर्क पेलेल तेवढाच दुसऱ्याला मिळतो. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांची आतली चाकं अशीच जागेवर फिरायची. म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, करून घेतला.

थोडं गणित

समजा इंजिनचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आणि क्राउन-पिनियनचं ४. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर ३२०० न्यूटन-मीटर (लॉसेस सोडून). वळणात आतल्या चाकावर २०० किलो भार, बाहेरच्यावर ५००. घर्षणांक १, चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर, आणि g सोयीसाठी १० धरू. बाजूच्या बलाचा विचार सध्या नको.

आतलं चाक पेलणार ६४० न्यूटन-मीटर, बाहेरचं १६००. ओपन डिफरन्शियलमध्ये दोघांना ६४०, एकूण १२८०. बाकीची पॉवर आतल्या टायरच्या धुरात! आता टॉर्क बायस रेशो २.५ असलेला हेलिकल एलएसडी लावा. आत ६४०, बाहेर त्याच्या अडीचपट म्हणजे १६००, एकूण २२४०. इंजिन तेच, टायर तेच, आणि रस्त्यावर पोचलेला टॉर्क पावणेदोनपट.

पर्याय कोणते?

१) हेलिकल (टॉर्सन, क्वेफ वगैरे): सगळं काम गिअरचं, झिजणाऱ्या प्लेट्स नाहीत. आवाज नाही, मेंटेनन्स कमी, पावसात स्वभाव सौम्य. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ मध्ये टॉर्सनच होता. दोष एकच. ट्रॅकवर कर्बवर चढून आतलं चाक हवेत गेलं की अडीच गुणिले शून्य बरोबर शून्य.

२) क्लच-प्लेट: आत प्लेट्स आणि रॅम्प असतात. प्रीलोडमुळे चाक उचललं तरी दुसऱ्याला टॉर्क मिळतो. वन-वे फक्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर लॉक होतो, टू-वे पाय काढल्यावरही तेवढाच, आणि दीड-वे मधला. टू-वेने ब्रेकिंगला गाडी स्थिर राहते, पण वळणात शिरायला कुरकुरते. प्लेट्स झिजतात, ऑइल ठरलेलंच लागतं, पार्किंगमध्ये कटकट आवाज येतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या अनेक टीम ड्रेक्सलरचा याच जातीचा डिफरन्शियल वापरतात.

३) लॉकर: याचं उदाहरण आपल्या नाशिकचंच. अंबडजवळच्या सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. २०२० साली आलेली, नाशिकला तयार होणारी थार घ्या. तिच्या काही व्हेरिएंटमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळाला. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप लॉक होतो, पण फक्त कमी वेगात. चिखलातून निघायला एकदम झकास. पण ट्रॅकवरच्या वेगाला त्याचा उपयोग नाही, कारण तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

४) वेल्डिंग मारलेला डिफरन्शियल: सगळ्यात स्वस्त जुगाड, आणि रस्त्यावर सगळ्यात धोक्याचा. दोन्ही चाकं कायम बांधलेली राहतात. कोरड्यात गाडी वळायला मागत नाही. पावसाळ्यात कसारा घाटाच्या ओल्या वळणावर मात्र दोन्ही टायर एकदम सुटतात आणि मागचा भाग बाहेर जातो. अ‍ॅक्सल शाफ्टवरचा ताण वेगळाच. रस्त्यावरच्या गाडीत हा प्रकार नकोच. आपल्या मागे कुणी बाइकवर असतो.

मग घ्यावा कोणता?

रस्ता जास्त, ट्रॅक कमी असेल तर हेलिकल. ट्रॅक जास्त, सस्पेन्शन कडक, चाक उचलण्याची सवय असेल तर दीड-वे क्लच-प्लेट, आणि प्लेट्स बदलायचं बजेट आधीच बाजूला ठेवा. मात्र हॉर्सपॉवर खूप वाढवली असेल तर नुसता एलएसडी पुरत नाही. क्राउन-पिनियन आणि अ‍ॅक्सल शाफ्ट तो झटका सोसतील का, हे आधी तपासा. पहिल्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडल्यावरच ते तुटतात. ट्रॅकवर ऑइल तापतं, तेही लक्षात असू द्या.

वर्कशॉपसाठी दोन सूचना. मागचे दोन्ही टायर एकाच साइजचे आणि सारखेच झिजलेले ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही एलएसडी काम करत बसतो. आणि एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर घेऊन गिअर कधीही टाकू नका. जमिनीवरचं चाक गाडी पुढे ढकलतं आणि जॅक निसटतो. समोर उभा असलेला आपलाच मित्र असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी म्हणालं, "चारशे हॉर्सपॉवर करू या!" तर त्याला एवढंच विचारा, "वळणात तुझ्या आतल्या चाकावर भार किती?" उत्तर आलं तर डिफरन्शियल निवडणं सोपं आहे. नाही आलं तर कागद-पेन द्या आणि वरचं गणित त्याच्याकडून करून घ्या.