नितळ पाण्याची फसगत

प्राथमिक आणि उच्च प्राथमिक वर्गांत मिश्रण व द्रावण हा पाठ बहुधा मीठ, साखर, वाळू आणि पेलाभर पाणी एवढ्या साहित्यावर उरकला जातो, आणि त्या घाईत जे नितळ ते शुद्ध ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत ती विशेष महाग पडते, कारण येथील असंख्य घरांत प्यायला बोअरचे पाणी असते, आणि ते दिसायला स्वच्छ असूनही क्षारांनी जड झालेले असू शकते. पाण्यासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वे आणावी लागली, पहिल्या खेपेस ५०,००० लिटरच्या १० वाघिणी आल्या, हे जेथील मुलांनी घरात ऐकलेले असते, तेथे हा पाठ पेल्यातील साखरेपाशी संपवणे ही उणीवच म्हणावी लागेल.

दोन किंवा अधिक पदार्थ रासायनिक बदल न होता एकत्र आले की मिश्रण होते; तुरीच्या डाळीत खडे मिसळले तर डोळ्यांना दोन्ही वेगळे दिसतात, म्हणून ते विषमांगी मिश्रण, तर मिठाच्या पाण्याचा कोणताही थेंब घेतला तरी तो सारखाच असतो, म्हणून ते समांगी मिश्रण, अर्थात द्रावण. त्यात जे विरघळते ते द्राव्य आणि ज्यात विरघळते तो द्रावक. या व्याख्या मुले पाठ करतात, परंतु विरघळलेले मीठ ‘नाहीसे झाले’ असेच पुष्कळांना वाटत राहते. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ ढवळून तराजूवर ११० ग्रॅम भरलेले दाखवले की त्या समजुतीला पहिला धक्का बसतो.

खरी कसोटी गढूळ पाण्याची. पावसाळ्यात गोदावरीला नवे पाणी आले की त्यातील वाळू थोड्याच वेळात तळाशी बसते, परंतु काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण रात्रभर ठेवूनही खाली बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी फिरवली की तिच्यातील ॲल्युमिनियमचे धन आयन हा भार मारतात, कणांच्या गुठळ्या होतात आणि पाणी वरून निवळते. येथेच शिक्षकाने थांबावे, कारण बहुतेक वर्गांत ‘पाणी शुद्ध झाले’ असे म्हणून पाठ मिटला जातो. निवळलेल्या पाण्यातून गेले ते निलंबित कण. जंतू उरू शकतात, आणि विरघळलेले क्षार तर जवळजवळ होते तसेच राहतात, कारण द्राव्याचे कण रेणू वा आयनांच्या आकाराचे असल्याने ते फडक्यातूनच काय, गाळणकागदातूनही निसटतात.

यावर एखादा विद्यार्थी हमखास हरकत घेतो: घरी ‘फिल्टरचे’ पाणी येते, ते मचूळ लागत नाही, मग गाळल्याने क्षार जातात की! ही हरकत योग्य आहे आणि ती दडपणे हा या पाठातील सर्वांत मोठा प्रमाद होय. जारचे पाणी ज्या आरओ यंत्रातून येते त्यात पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. त्या पडद्याची गाठ आयनांशी असते, म्हणून त्याला गाळण म्हणणे बोलण्यापुरते ठीक, पण वर्गातील गाळणकागदाशी त्याची बरोबरी होत नाही. क्षार नष्ट होत नाहीत, ते टाकाऊ पाण्यातून बाहेर जातात, आणि तेवढे पाणी मोरीत जाते, हेही दुष्काळी भागातील मुलांना सांगण्याजोगे आहे.

प्रात्यक्षिकासाठी स्टीलच्या दोन ताटल्यांत दोन-दोन चमचे पाणी, एकीत बोअरचे व दुसरीत पावसाचे, उन्हात ठेवावे. सुकल्यावर पहिल्या ताटलीत पांढरे कडे उमटते, दुसरी जवळजवळ कोरी राहते. मात्र हा प्रयोग द्रावणाचे पहिले उदाहरण म्हणून घेऊ नये. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाणी आटताना कार्बोनेटमध्ये बदलते आणि ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही. आधी मिठाच्या पाण्याने आरंभ केल्यास उरलेले मीठ पुन्हा विरघळवून दाखवता येते आणि मुलांचा गोंधळ टळतो. कोणताही पदार्थ चाखून ओळखण्याची सवय मात्र मुळातच लावू नये.

तीव्रता, म्हणजे ठरावीक द्रावणात द्राव्य किती आहे हे प्रमाण, समजावण्यास ओआरएसच्या पुडीइतके चांगले साधन नाही. एक लिटर पाण्यासाठी असलेली २०.५ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर आजारी बालकाच्या शरीरात क्षारांचे प्रमाण घातक होऊ शकते. पदार्थ तोच, पाणी तेवढे कमी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालतात, हे आकडे याच टप्प्यावर सांगावेत.

शेवटी फ्लोराइडचा प्रश्न उरतो, कारण नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात तो पुस्तकातला राहत नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे, आणि त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व हाडे अधू होतात. ते गाळून जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. म्हणून ज्या शाळेत मुले बोअरचे पाणी पितात तिने हा पाठ सुरू करण्यापूर्वीच त्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल वर्गात वाचून दाखवावा.